वैमानिक मेहरसिंग

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, मेहेरबाबा हे नाव उच्चारले की अरणगावची समाधी डोळ्यांपुढे उभी राहते. देशोदेशीचे भाविक तेथे दर्शनाला येतात. भारतीय विमानदलात मात्र हे नाव ऐकले की दुसऱ्याच एका पुरुषाची आठवण होते. ते संत नव्हते, वैमानिक होते. त्यांचे नाव मेहरसिंग. सहकारी त्यांना प्रेमाने मेहरबाबा म्हणत. 2018 साली विमानदलाने वैमानिकाविना उडणाऱ्या लहान यानांची एक स्पर्धा योजिली, तेव्हा तिला त्यांचेच नाव दिले. संकटाच्या वेळी आकाशातून भूमीचा शोध घेतील अशी याने निर्माण व्हावीत, हा त्या स्पर्धेचा हेतू होता. आणि आकाशातून भूमीचा शोध घेण्याच्या कामातच मेहरसिंगांनी कीर्ती मिळविली होती.

शत्रू कोठे आहे, किती आहे आणि कोणत्या वाटेने येणार आहे, हे आधी कळल्यावाचून कोणत्याही सेनापतीला लढाई नीट लढता येत नाही. शिवाजी महाराजांच्या पदरी बहिर्जी नाईक हे काम करीत. पुढे विमान निघाले आणि हेराला पंख फुटले. 1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा विमानांकडे प्रथम सोपविलेले काम गोळीबाराचे नव्हते. वर जाऊन पाहावे व खाली येऊन सांगावे, एवढेच होते. हे काम ऐकावयास सोपे वाटते. ते किती अवघड होते, हे मेहरसिंगांच्या चरित्रावरून कळून येईल.

मेहरसिंगांचा जन्म 20 मार्च 1915 रोजी पंजाबात लायलपूर येथे झाला. हे गाव आज पाकिस्तानात असून त्याला फैसलाबाद म्हणतात. 1934 साली त्यांची निवड होऊन ते इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील विमानविद्यालयात दाखल झाले, आणि 1936 साली अधिकारी होऊन परतले. त्या वेळी भारतीय विमानदलात एकच स्क्वाड्रन होते. त्याची विमाने जुनाट, दुहेरी पंखांची होती आणि त्यांना वापिटी असे नाव होते. वायव्य सरहद्दीच्या उघड्याबोडक्या डोंगरांवरून ही विमाने टेहळणी करीत फिरत. एकदा खालून टोळीवाल्यांनी झाडलेल्या गोळ्या मेहरसिंगांच्या विमानाला लागल्या. ते विमान त्यांना डोंगरउतारावरच कसेबसे उतरवावे लागले. दिवस मावळत आला होता आणि सभोवार शत्रू होता. मेहरसिंग आणि त्यांचे तोफची गुलाम अली हे दोघे अंधाराचा आश्रय घेऊन, टोळीवाल्यांची नजर चुकवीत चालत राहिले व अखेर लष्कराच्या ठाण्यावर सुखरूप पोहोचले. लगेच ते पुन्हा उड्डाणास सिद्ध झाले.

1 डिसेंबर 1942 रोजी दक्षिणेत त्रिचनापल्ली येथे विमानदलाचे सहावे स्क्वाड्रन उभे राहिले व मेहरसिंगांना त्याचे प्रमुख नेमण्यात आले. दुसरे महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते. जपानी फौजा ब्रह्मदेश जिंकून हिंदुस्थानच्या दारापर्यंत आल्या होत्या. 1943 च्या अखेरीस हे स्क्वाड्रन बंगालच्या उपसागराच्या काठी कॉक्स बाजार येथे गेले. समोरच्या आराकान प्रांतात दाट अरण्ये, चिखलाच्या खाड्या आणि एकामागून एक डोंगररांगा होत्या. या मुलखात दडलेला शत्रू शोधून काढणे, हेच त्यांचे काम होते.

जपानी सैनिक मोठे हुशार होते. दिवसा ते झाडांखाली लपून राहत आणि रात्री वाटचाल करीत. मग वैमानिकाने पाहावे तरी काय? सकाळी झाडांच्या शेंड्यांवर रेंगाळणारा चुलीचा धूर, ओल्या मातीत उमटलेली चाकांची खूण, तोडून आणल्यामुळे कोमेजलेल्या फांद्यांचा ढीग, काल रिकाम्या असलेल्या खाडीत आज बांधलेल्या चार होड्या, अशा बारीकसारीक गोष्टींवरून त्याला अनुमान करावे लागे. त्यासाठी अगदी खालून उडावे लागे, आणि खालून उडणारे विमान साध्या बंदुकीच्याही टप्प्यात येई.

विमाने दोन-दोनच्या जोडीने जात. पुढच्या विमानाचा वैमानिक जमिनीवर लक्ष ठेवी. मागचा वैमानिक नागमोडी उडत आकाशाकडे पाही, कारण पहिल्याची नजर खाली गुंतलेली असताना शत्रूची लढाऊ विमाने केव्हा झडप घालतील याचा नेम नसे. त्यांची हरिकेन विमाने तोवर जुनी झाली होती. जपानी विमाने अधिक चपळ होती. पण टेहळणीच्या वैमानिकाने हौसेने झुंज घ्यावयाची नसते. त्याने पाहिलेली बातमी आणि त्याच्या कॅमेऱ्यातील फिल्म सेनापतीच्या हाती पडली, तरच त्याचे उड्डाण सार्थकी लागते. म्हणून शक्य तोवर झुंज टाळून परत येणे हे त्याचे कर्तव्यच असते. तरुण रक्ताला हे शिकविणे सोपे नव्हते. मेहरसिंग ते स्वतः उडून शिकवीत. जे काम आपण केलेले नाही ते त्यांनी हाताखालच्या माणसास कधी सांगितले नाही, अशी त्यांची ख्याती होती.

विमान उतरताच फिल्म धुण्यासाठी जाई. लागोपाठची दोन छायाचित्रे अशी घेत की त्यांतील बराचसा भाग समान असावा. मग ती दुहेरी भिंगाखाली शेजारी-शेजारी ठेवली म्हणजे टेकड्या, झाडे, खंदक उठावाने दिसू लागत. हे वाचन करणाऱ्यांचे एक निराळेच शास्त्र आहे. लष्कराचे अधिकारी वैमानिकाला समोर बसवून बारकाईने विचारपूस करीत. जे पाहिले तेच सांगावयाचे, वाटले ते निराळे सांगावयाचे, असा दंडक असे. एका वैमानिकाने वाढवून सांगितलेल्या गोष्टीपायी शेकडो सैनिक भलत्या वाटेला लागू शकतात.

फेब्रुवारी 1944 मध्ये जपान्यांनी आराकानात एकाएकी मुसंडी मारली आणि सातव्या हिंदी डिव्हिजनला वेढा घातला. वेढ्यातील सैन्याला अन्न व दारूगोळा विमानांतून टाकून पुरवावा लागला. या दिवसांत सहाव्या स्क्वाड्रनची विमाने पुनःपुन्हा शत्रूच्या डोक्यावरून जाऊन बातमी आणीत होती. काही तरुण परत आले नाहीत. तरीही काम थांबले नाही. लोक या स्क्वाड्रनला चौदाव्या सेनेचे डोळे म्हणू लागले. त्या सेनेचे सेनापती स्लिम यांनी पुढे आपल्या ग्रंथात तिच्या कामाचा गौरवाने उल्लेख केला. 1944 सालीच मेहरसिंगांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा सन्मान मिळाला. त्या युद्धात हा मान मिळविणारे भारतीय विमानदलातील ते एकमेव अधिकारी होत.

येथे नगरच्या वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या दिवसांत हे तरुण आराकानवर उडत होते, त्याच दिवसांत जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद प्रभृती नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते. एकीकडे इंग्रजांच्या सैन्यातून लढणारे भारतीय, तर दुसरीकडे इंग्रजांच्याच तुरुंगातील भारतीय! पुढे तीनच वर्षांनी या दोघांनाही एकाच स्वतंत्र देशासाठी काम करावयाचे होते.

ती वेळ लवकरच आली. ऑक्टोबर 1947 मध्ये काश्मीरवर टोळीवाल्यांचे आक्रमण झाले. एअर कमोडोर मेहरसिंग तेथील हवाई कारवाईचे प्रमुख झाले. पूंछ शहराला वेढा पडला होता आणि आत सैनिकांबरोबर हजारो निर्वासित अडकले होते. त्या सर्वांनी मिळून एक लहानशी धावपट्टी तयार केली. तिच्या तीन बाजूंना ओढे होते आणि भोवतालच्या डोंगरांवर शत्रू होता. अशा जागी पहिले डाकोटा विमान मेहरसिंगांनी स्वतः उतरविले. पुढे रात्रीदेखील, तेलाच्या दिव्यांच्या उजेडात, विमाने तेथे उतरू लागली.

24 मे 1948 रोजी ते जनरल थिमय्यांना घेऊन लेहला निघाले. लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 10,700 फूट उंच आहे, आणि तोवर तेथे एकही विमान उतरलेले नव्हते. त्या हवाई मार्गाचा नकाशा कोणाजवळ नव्हता. डाकोटा विमान इतक्या उंचीसाठी बनविलेलेही नव्हते. हिमाच्छादित शिखरांमधून दऱ्या पाहत, खिंडी ओळखीत वाट काढावयाची होती. आराकानात शत्रूला हुडकणारी नजर येथे रस्ता हुडकीत होती. विमान लेहच्या वाळूवर सुखरूप टेकले, आणि शत्रू पोहोचण्याआधी तेथे सैन्य पाठविण्याचा मार्ग खुला झाला.

त्याच वर्षी मेहरसिंगांनी विमानदलाची नोकरी सोडली. 1950 साली त्यांना महावीरचक्र देण्यात आले. आकाशातून बातमी आणण्याचे जे काम त्यांनी केले, ते पुढे फार वाढले. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर भारताने अशा कामासाठी एक स्वतंत्र संस्था उभारली, आणि विमानदलातील वैमानिक तेथेही काम करू लागले. उड्डाणाचा अनुभव असलेले अधिकारी छायाचित्रे वाचण्याच्या व बातमी पारखण्याच्या कामातही उपयोगी पडतात, कारण वरून जमीन कशी दिसते हे त्यांनी स्वतः अनुभवलेले असते.

मेहरसिंगांना मात्र हे पाहावयास मिळाले नाही. मार्च 1952 मध्ये ते एका रात्री जम्मूहून दिल्लीकडे लहान विमानाने येत होते. वाटेत मोठे वादळ उठले आणि त्यात ते विमान कोसळले. त्यांचे वय तेव्हा सदतीस वर्षांचेही पुरते झालेले नव्हते.