बेंजामिन फ्रँक्लिन

मैत्री जोडणें सोपें, पण ती संकटांत टिकविणें फार अवघड. आणि जें दोन माणसांविषयीं खरें, तेंच दोन राष्ट्रांविषयींहि खरें आहे. ज्यांच्या चरित्रांत ही गोष्ट स्पष्ट दिसून येते, अशा एका थोर पुरुषाची ओळख आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देत आहों.

बेंजामिन फ्रँक्लिन यांचा जन्म ता. १७ जानेवारी १७०६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं झाला. वडील साबण व मेणबत्त्या करून विकीत. घरांत मुलें पुष्कळ. तेव्हां बेंजामिन यांच्या वांट्यास शाळा जेमतेम दोन वर्षें आली. बाराव्या वर्षीं ते थोरल्या भावाच्या छापखान्यांत उमेदवारीस लागले आणि सतराव्या वर्षीं घर सोडून फिलाडेल्फियास गेले. तेथें उद्योग, काटकसर व वाचन यांच्या बळावर ते नामांकित मुद्रक झाले. पुढें विजेसंबंधींच्या शोधांनीं त्यांचें नांव युरोपभर गाजलें.

१७७६ सालीं तेरा वसाहतींनीं इंग्लंडपासून आपण स्वतंत्र झाल्याचें जाहीर केलें. पण त्यांच्यापाशीं पुरेसा दारूगोळा नव्हता, पैसा नव्हता, नांव घेण्याजोगें आरमारहि नव्हतें. साहाय्य मागावें तर फ्रान्सपाशीं, कारण १७६३ च्या तहांतील मानहानि तें राष्ट्र विसरलें नव्हतें. हें काम सत्तर वर्षांच्या फ्रँक्लिन यांजवर सोंपविण्यांत आलें. दोन नातवांस बरोबर घेऊन ते निघाले. वाटेंत इंग्रजी जहाजानें पकडलें असतें, तर राजद्रोहाचा आरोप ठरलेलाच होता.

पॅरिसजवळ पासी येथें ते राहिले. साधा पोशाख व डोक्यावर केसाळ टोपी अशा वेषांतील या वृद्धानें सरदारांचीं व सामान्य जनांचीं मनें जिंकलीं. तथापि केवळ लोकप्रियतेनें तह होत नसतात. हरणाऱ्या पक्षाशीं उघड हातमिळवणी कोण करणार? परराष्ट्रमंत्री व्हर्जेन गुप्त मदत देत, पण करार टाळीत. ऑक्टोबर १७७७ मध्यें साराटोगा येथें इंग्रजी सैन्य शरण आलें. मग इंग्लंडच्या हस्तकासहि फ्रँक्लिन यांनीं भेट दिली. अमेरिका व इंग्लंड यांचा समेट होईल ही धास्ती फ्रान्सला वाटली आणि ता. ६ फेब्रुवारी १७७८ रोजीं तह झाला. एकानें दुसऱ्याच्या संमतीवांचून शत्रूशीं तह करूं नये, हें त्यांतील एक मुख्य कलम होतें.

फ्रान्सनें पैसा, सैन्य व आरमार दिलें. ऑक्टोबर १७८१ मध्यें यॉर्कटाउन येथें दोन्ही राष्ट्रांच्या सैन्यांनीं जमिनीवरून व फ्रेंच आरमारानें समुद्रावरून कोंडल्यामुळें लॉर्ड कॉर्नवॉलिस यांचें सैन्य शरण आलें. हेच कॉर्नवॉलिस १७८६ सालीं हिंदुस्थानांत गव्हर्नर जनरल होऊन आले.

परंतु स्नेहाची खरी कसोटी पुढेंच होती. ता. ३० नोव्हेंबर १७८२ रोजीं फ्रँक्लिन व त्यांचे सहकारी यांनीं व्हर्जेन यांस न विचारतां इंग्लंडशीं तहाच्या प्राथमिक कलमांवर सह्या केल्या. व्हर्जेन यांनीं रोष व्यक्त केला. फ्रँक्लिन यांनीं फ्रान्सच्या हिताविरुद्ध त्यांत कांहीं नाहीं हें सांगितलें, पण शिष्टाचारांत आपली चूक झाली हेंहि मोकळेपणानें कबूल केलें, आणि आपणांत फूट पडली असें शत्रूस वाटूं देऊं नये अशी विनंति केली. नवल हें कीं, यानंतर फ्रान्सनें साठ लक्ष लिव्हरांचें नवें कर्ज दिलें.

या युद्धखर्चानें फ्रान्स कर्जांत बुडालें व १७८९ च्या राज्यक्रांतीस तें एक कारण झालें, हेंहि विसरतां कामा नये. तरी ता. १७ एप्रिल १७९० रोजीं फ्रँक्लिन वारले, तेव्हां फ्रान्सच्या राष्ट्रसभेनें तीन दिवस सुतक पाळलें.

करार कागदावर लिहिले जातात, पण ते विश्वासावर चालतात. आणि चूक झाली असतां ती कबूल करणें हाच तुटूं पाहणारा विश्वास सांधण्याचा मार्ग होय. शाळेंतील लहानशा मैत्रीसहि हा नियम लागू आहे, असें आम्हांस वाटतें.