इंजिनिअरिंग सोडून गेलेला एडवर्ड मुंक

पुलावर उभा राहून, दोन्ही हात गालांवर दाबून किंचाळणारा तो माणूस तुम्ही नक्की पाहिला असेल. टी-शर्टवर, कॉफी मगवर, नाहीतर व्हायव्हाच्या आदल्या रात्री कुणीतरी ग्रुपवर टाकलेल्या जोकमध्ये. ‘द स्क्रीम’ नावाचं हे १८९३ सालचं चित्र काढणारा एडवर्ड मुंक हा नॉर्वेचा चित्रकार. पण मला तो आवडायला लागला तो या चित्रामुळे नाही. एक तर तो आपल्यातला होता, म्हणजे चक्क इंजिनिअरिंगला होता! आणि दुसरं कारण म्हणजे त्याने तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून केलेला एक लहानसा छापा. त्या छाप्यापर्यंत पोचायचं तर आधी त्याच्या घरापासून सुरुवात करायला हवी.

मुंकचा जन्म १२ डिसेंबर १८६३ चा. वडील सैन्यात डॉक्टर, अतिशय धार्मिक. पगार बेताचा. तो पाच वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८७७ मध्ये, थोरली बहीण सोफी त्याच आजाराने गेली. ती फक्त पंधरा वर्षांची होती. मावशीने मुलांना सांभाळलं. एडवर्ड स्वतः सतत आजारी, त्यामुळे शाळा बुडायची आणि घरी बसून चित्रं काढणं चालायचं.

१८७९ मध्ये त्याने क्रिस्टियानियाच्या (म्हणजे आजच्या ऑस्लोच्या) टेक्निकल कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स सगळ्यात चांगला होता. ड्रॉईंगमध्ये स्केल आणि पर्स्पेक्टिव्ह तो तिथेच शिकला. म्हणजे जमत नाही म्हणून सोडलं असं अजिबात नाही. पण आजारपणामुळे वर्गात खाडे पडत गेले आणि १८८० मध्ये त्याने ठरवलं की आपण चित्रकार व्हायचं. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हतं. आपल्याकडे काय झालं असतं ते सांगायला नको!

क्रिस्टियानियात तेव्हा हान्स येगर नावाच्या लेखकाभोवती तरुणांचा एक कंपू होता. धर्म नको, लग्न नको, समाजाचे नियम नकोत, असं बोलणारी ही मंडळी. वादविवाद जोरात आणि दारूही तेवढीच जोरात. मुंक त्यांच्यात ओढला गेला. देव आणि नरक यांच्या भीतीत वाढलेल्या मुलाला ही मोकळी हवा किती छान वाटली असेल हे मी समजू शकतो. पण त्या मोकळ्या हवेबरोबर बाटलीसुद्धा आली, आणि कंपू सुटला तरी ती काही सुटली नाही.

१८९२ मध्ये बर्लिनच्या कलाकार संघाने त्याचं प्रदर्शन भरवलं. लोक एवढे भडकले की आठवड्याभरात ते बंद करावं लागलं. मुंक एकदम प्रसिद्ध झाला. तो बर्लिनमध्येच राहिला आणि एका दारूच्या गुत्त्यात बसायला लागला, ज्याच्या नावाचा अर्थ ‘काळं डुकराचं पिल्लू’ असा होतो. नाटककार स्ट्रिंडबर्ग, पोलिश लेखक प्रझिबिशेव्स्की वगैरे मोठमोठी माणसं तिथे रोज. नाव खूप झालं, पण चित्रं काही फारशी विकली जात नव्हती. छापा मात्र स्वस्तात विकता येतो आणि एकाच पत्र्यावरून अनेक प्रती निघतात. १८९४ मध्ये मुंकने तांब्याचा पत्रा हातात घेतला.

आता जरा टेक्निकल बोलू. ड्रायपॉइंट ही छाप्याची सगळ्यात साधी पद्धत. ॲसिड नाही, काही नाही. पॉलिश केलेला तांब्याचा पत्रा आणि टोकदार पोलादी सुई, बस्स. सुई दाबून ओढली की चर पडते आणि चरीतलं तांबं कडेला वर उचललं जातं, शेतात नांगरल्यावर माती बाजूला येते तसं. ही जी उचललेली खरखरीत कड, तिलाच आपण वर्कशॉपमध्ये ‘बर’ म्हणतो. फिटिंगच्या जॉबला बर राहिली तर सर जॉब परत देतात, कानशीने घासून आणा म्हणून. इथे उलटं आहे! ड्रायपॉइंटची सगळी गंमत त्या बरमध्येच. पत्र्यावर शाई चोपडायची, मग कापडाने पुसायची. चरीत शाई राहते, आणि बरला अडकूनही राहते. वर ओलसर कागद, त्यावर जाड फेल्ट ठेवून दोन रोलरांमधून दाबून काढायचं. बरमधली शाई कागदावर पसरते, त्यामुळे रेघ मखमलीसारखी मऊ आणि थोडी धुरकट उमटते.

अडचण अशी की तांबं मऊ. प्रेसच्या दाबाने प्रत्येक प्रतीबरोबर बर थोडी थोडी चेपत जाते. काही डझन प्रती निघाल्या की रेघा फिक्या आणि कोरड्या दिसायला लागतात. म्हणून पहिल्या पहिल्या प्रतींना जास्त किंमत. यावर उपाय म्हणून पत्र्यावर लोखंडाचा अतिशय पातळ थर इलेक्ट्रोप्लेटिंगने चढवतात. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कंटाळून केलेली गोष्ट कुठे कुठे उपयोगी पडते बघा. आणि चुकीची रेघ? ती रबराने जात नाही. स्क्रेपरने खरवडून, घोटून काढावी लागते, तरी पत्र्याला खळगा राहतो.

त्या वर्षीचा जो छापा मला सांगायचा आहे त्याचं नाव ‘दुसरा दिवस’. आकार ए-फोर कागदापेक्षा थोडा लहान. एक बाई पलंगावर आडवी पडली आहे, कपडे न बदलताच झोपलेली, गळ्याशी झगा सैल. केस मोकळे सुटलेत, एक हात पलंगावरून खाली लोंबतोय. समोरच्या टेबलावर बाटल्या आणि ग्लास. एवढंच. पार्टी दिसत नाही, कोण कोण होतं ते दिसत नाही, हसणं-खिदळणं काही नाही. फक्त सकाळ.

आपल्याकडे शनिवारच्या रात्रीचे किस्से सगळे रंगवून सांगतात. कोण किती प्यायला, कोण गच्चीवर जाऊन गाणी म्हणत होता. रविवारी सकाळी तो कसा पडला होता, आईचा फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं, हे कुणी सांगत नाही. मुंकने नेमकं तेच काढलं. आणि त्या बाईला त्याने नावं ठेवलेली नाहीत. ती घाणेरडी दाखवलेली नाही, तिची दया येईल अशीही दाखवलेली नाही. दमलेली आहे, झोपली आहे. त्या काळात प्यायलेली बाई म्हटलं की लोकांनी काय काय बोललं असतं (आणि आजही बोलतील), त्या मानाने हे खूप वेगळं आहे. धुरकट रेघही इथे शोभते. जड डोक्याने जाग आल्यावर खोली अशीच दिसत असणार. हाच विषय त्याने रंगातही केला, पण मला छापाच जास्त खरा वाटतो.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. हा छापा केला तेव्हा मुंक जेमतेम तिशीत होता आणि स्वतः रोज त्याच टेबलावर बसत होता. म्हणजे त्याला सगळं दिसत होतं. सुईने पत्र्यात कोरण्याइतकं स्वच्छ दिसत होतं. तरी त्यानंतर चौदा वर्षं तो पीतच राहिला. व्यसनाबद्दलच्या लेक्चरमध्ये नेहमी सांगतात की जागरूकता पाहिजे, माहिती पाहिजे. मुंककडे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहिती होती!

ती चौदा वर्षं वाचताना वाईट वाटतं. १९०२ मध्ये टुला लार्सन या मैत्रिणीशी झालेल्या भांडणात रिव्हॉल्व्हर सुटलं आणि त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला गोळी लागली. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा सातच वर्षं झाली होती, आणि त्या हाताचा एक्स-रे आजही उपलब्ध आहे. १९०५ मध्ये लुडविग कार्स्टेन या चित्रकार मित्राशी मारामारी. १९०६ मध्ये त्याने स्वतःचं चित्र काढलं: हॉटेलातलं टेबल, वाइनची बाटली, आणि हात मांडीवर टाकून एकटाच बसलेला मुंक.

१९०८ च्या शरदात कोपनहेगनमध्ये तो कोसळला. भास होऊ लागले, कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटू लागलं. स्वतःच डॉ. डॅनियल याकोबसन यांच्या दवाखान्यात दाखल झाला आणि पुढचे सुमारे आठ महिने तिथे राहिला. विश्रांती, नीट जेवण, आणि सौम्य विजेचा प्रवाह देण्याचे उपचार. इलेक्ट्रिकलवाल्यांनी खूश होऊ नये, याचा उपयोग किती झाला हा प्रश्नच आहे. मुंकने मात्र आपल्याला करंट देतानाचं एक व्यंगचित्र काढलं! डॉक्टरांचं मोठं पोर्ट्रेटही तिथेच केलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चांगल्या मित्रांमध्येच राहायचं, चारचौघांत प्यायला बसायचं नाही. १९०९ मध्ये तो नॉर्वेला परतला, समुद्रकाठच्या क्रागेर्‍यो गावी राहिला, आणि ते जुने अड्डे कायमचे सुटले.

त्याला आधी अशी भीती होती की आजार आणि दुःख गेलं तर चित्रंही जातील. काही समीक्षक म्हणतात की तसंच झालं, नंतरच्या चित्रांत ती धार नाही. मला हे पटत नाही. ऑस्लो विद्यापीठाच्या सभागृहात त्याचा ‘सूर्य’ आहे, जवळजवळ आठ मीटर रुंद. तो दवाखान्यातून आल्यानंतरचाच. दारूमुळे प्रतिभा येते असं ज्यांना वाटतं त्यांनी ते चित्र एकदा बघावं.

पुढे ऑस्लोजवळ एकेली इथे तो एकटा राहून काम करत राहिला. १९३७ मध्ये नाझींनी जर्मनीतल्या संग्रहालयांतून त्याची ८२ चित्रं काढून टाकली. २३ जानेवारी १९४४ रोजी, ऐंशीव्या वर्षी तो गेला. घरात साठलेलं सगळं त्याने ऑस्लो शहराला देऊन टाकलं होतं: हजाराहून जास्त चित्रं, हजारो छापे आणि रेखाटनं. त्यांचं संग्रहालय १९६३ मध्ये सुरू झालं, २०२१ मध्ये नव्या इमारतीत गेलं.

‘दुसरा दिवस’च्या प्रती जगातल्या बऱ्याच संग्रहालयांत आहेत. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून बघा. आधी केस बघा. बरची शाई कुठे पसरली ते नीट दिसतं.