हरणारी टीम होळकरांनी हातात घेतली आणि सी. के. नायडूंनी त्यांना चार वेळा रणजी जिंकून दिली

शिरूर-दौंडकडच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा ज्यांनी बघितल्यात त्यांना एक गोष्ट माहिती असेल. फ्लेक्सवर बॅट्समनपेक्षा संघमालकाचा फोटो मोठा असतो. मालक म्हणजे कधी उसाचा बागायतदार, कधी प्लॉटिंगवाला, तर कधी निवडणुकीच्या तयारीला लागलेला पुढारी. टी-शर्ट तो देतो, किट तो देतो, बाहेरगावचा तगडा बॉलर आणायचा तर त्याची बिदागीही तोच देतो. टीम दोन-तीन वर्षं हरत राहिली की मालकाचा उत्साह संपतो. मग टीम दुसरं कुणी घेतं किंवा बंद पडते.

मोठ्या पातळीवरही हेच होतं. पुणे वॉरियर्स आयपीएलमध्ये तीन हंगाम खेळली, तिन्ही वेळा तळाजवळच राहिली आणि २०१३ मध्ये मालक सहारा समूहाने अंग काढून घेतलं. अमेरिकेत बेसबॉलच्या टीमची खरेदी-विक्री शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

पण टीमला मालक असणं ही आपल्याकडे आयपीएलने आणलेली गोष्ट नाही. त्याच्या कितीतरी आधी इंदूरच्या होळकरांनी स्वतःच्या नावाची टीम रणजीत उतरवली होती. होळकर म्हणजे परके नाहीत. शिरूरच्या शेजारच्या खेड तालुक्यातलं वाफगाव हे महाराजा यशवंतराव होळकरांचं जन्मगाव. त्याच घराण्याने विसाव्या शतकात क्रिकेटची टीम सांभाळली आणि ती ज्याच्या हातात दिली तो माणूस होता कर्नल सी. के. नायडू.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. घराणं मूळचं तेलुगू, पण नागपुरात स्थिरावलेलं. शिक्षण हिस्लॉप कॉलेजिएट शाळेत झालं. उंचपुरा बांधा, ताठ चाल आणि बॅट हातात आली की चेंडू थेट मैदानाबाहेर.

१९१६ मध्ये ते पहिल्यांदा मोठा सामना खेळले. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू विरुद्ध युरोपियन असा तो सामना. सुरुवातीचे काही चेंडू शांतपणे खेळून काढले आणि खातं उघडलं ते थेट सिक्सने.

सात वर्षांनी, १९२३ मध्ये, त्यांना इंदूरहून बोलावणं आलं. गादीवर तिसरे तुकोजीराव होळकर होते. त्यांनी नायडूंना संस्थानच्या फौजेत कॅप्टन केलं. त्या काळात भारतात क्रिकेट खेळून पोट भरत नव्हतं. खेळाडूला एक तर घरचं वैभव लागायचं, नाहीतर एखादा राजा लागायचा. राजा फौजेत किंवा दरबारात नोकरी द्यायचा, पगार चालू राहायचा आणि खेळाडू निर्धास्तपणे खेळायचा. कागदोपत्री तो हौशी खेळाडू, पण व्यवहारात व्यावसायिकच.

या पद्धतीत एक मोठी अडचण होती. राजाचं काही बरंवाईट झालं तर खेळाडूचं काय?

नायडूंवर ही वेळ लवकरच आली. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. मुमताज बेगम या नर्तिकेला पळवून नेण्याच्या प्रयत्नात हे घडलं होतं आणि धागेदोरे इंदूर दरबारापर्यंत गेले. प्रकरण एवढं तापलं की १९२६ मध्ये तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. त्यांच्या जागी आले त्यांचे चिरंजीव यशवंतराव, अवघ्या १७ वर्षांचे.

मालक बदलला, पण नायडूंचं बस्तान हललं नाही. उलट त्याच वर्षी त्यांनी अशी खेळी केली की सगळ्या देशाला त्यांचं नाव कळलं. डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगनची एमसीसी टीम मुंबईत हिंदूंविरुद्ध खेळत होती. जिमखान्याच्या मैदानावर नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा कुटल्या. त्यात ११ सिक्स होते. झाडांवर, छतांवर लोक बसले होते. भारतीय माणसं इंग्रजांशी बरोबरीने खेळू शकतात हे त्या दिवशी दिसलं. पुढे दोन वर्षांत बीसीसीआय उभी राहिली आणि त्यानंतर कसोटीचा दर्जाही मिळाला.

२५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला. दौऱ्याचे कॅप्टन होते पोरबंदरचे महाराज आणि व्हाइस कॅप्टन लिंबडीचे राजपुत्र. पण दोघांनीही तो सामना खेळला नाही आणि नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. हाताला दुखापत झालेली असताना त्यांनी पहिल्या डावात ४० धावा केल्या, भारताकडून त्या डावातल्या सगळ्यात जास्त. भारत १५८ धावांनी हरला, पण दौऱ्यात नायडूंनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १६१८ धावा आणि ६५ बळी मिळवले. पुढच्या वर्षी विस्डेनने त्यांना वर्षातल्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंमध्ये निवडलं. हा मान मिळवणारे ते भारतीय संघाचे पहिले खेळाडू.

कर्णधार म्हणून मात्र नायडूंची कसोटीतली पाटी कोरी राहिली. चार कसोटी, तीन पराभव, एक अनिर्णित. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर तर कर्णधारपदच गेलं. ते मिळालं विजयनगरमच्या महाराजकुमारांना, म्हणजे विझींना. विझींकडे पैसा होता, ओळखी होत्या, फक्त खेळ नव्हता. तीन कसोटींत मिळून त्यांनी ३३ धावा केल्या. संघात गट पडले, लाला अमरनाथ यांना दौऱ्यावरून घरी पाठवलं गेलं आणि भारत मालिका ०-२ ने हरला. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत नायडूंना गबी ॲलनचा चेंडू जोरात लागला. ते बाहेर गेले नाहीत. त्यांनी ८१ धावा केल्या. ही त्यांची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या आणि हीच त्यांची शेवटची कसोटी.

नायडू तेव्हा ४० वर्षांचे होते. दुसरा कुणी असता तर बॅट माळ्यावर टाकली असती.

इंदुरात परिस्थिती काही फार बरी नव्हती. १९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्या भागातली टीम मध्य भारत म्हणून खेळायची, इंग्रजीत सेंट्रल इंडिया. अनेक संस्थानांची मिळून एक टीम. त्यात नायडू होते, मुश्ताक अली होते, तरी ही टीम एकदाही फायनलपर्यंत पोचली नाही. सगळ्यांची टीम म्हणजे कुणाचीच नाही, असा प्रकार. दुसरीकडे पुण्यातून प्रा. दि. ब. देवधरांचा महाराष्ट्र १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी जिंकत होता.

१९४१-४२ पासून चित्र बदललं. मध्य भारताच्या जागी थेट होळकर नावाची टीम उतरली. तिच्यामागे महाराजा यशवंतराव होळकर उभे होते आणि कर्णधार होते नायडू.

पहिली तीन वर्षं हाती काही लागलं नाही, फायनलही नाही. पण मालकाने कर्णधार बदलला नाही आणि कर्णधाराने घाई केली नाही. माणसं गोळा करणं चालू होतं. मुश्ताक अली इंदूरचेच, त्यांना नायडूंनी पोरवयात हेरलेलं. सागरचे चंदू सरवटे आले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आले. माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड, धाकटे भाऊ सी. एस. नायडू अशी फळी जमली. खेळाडूंना संस्थानात नोकऱ्या मिळाल्या, त्यामुळे उद्या काय खायचं ही चिंता राहिली नाही.

शिस्त मात्र फौजेची. वेळेवर यायचं, लागलं तरी कुरकुर करायची नाही. नायडू स्वतःही तसेच वागायचे. वयाची पन्नाशी उलटल्यावर मुंबईच्या दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले, तरी ते क्रीजवरून हलले नाहीत, हा किस्सा आजही सांगितला जातो.

१९४४-४५ मध्ये होळकर पहिल्यांदा फायनलला आले. समोर मुंबई. विजय मर्चंटने २७८ धावा केल्या. होळकरांकडून युद्धाच्या निमित्ताने भारतात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळत होता. त्याने नाबाद २४९ धावा केल्या, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतकं ठोकली आणि सी. एस. नायडूंनी एकट्याने ९१७ चेंडू टाकले. एवढं करूनही होळकर ३७४ धावांनी हरले.

पुढच्याच हंगामात त्याची भरपाई झाली. सेमीफायनलला म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा. एकाच डावात सहा शतकं, हा विश्वविक्रम. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रताप सिंह असे ते सहा जण. त्याच सामन्यात सरवटेंनी एका डावात ९ बळीही घेतले. फायनलला बडोद्याविरुद्ध ५० वर्षांच्या नायडूंनी २०० धावा केल्या आणि होळकर पहिल्यांदा रणजी विजेते झाले.

१९४६-४७ मध्ये परत आपटी. फायनलमध्ये विजय हजारे आणि गुल मोहम्मद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली आणि बडोद्याने एक डाव ४०९ धावांनी हरवलं. असा पराभव झाल्यावर टीम फुटते. होळकर पुढच्याच वर्षी मुंबईला ९ विकेट्सने हरवून पुन्हा विजेते झाले. मग १९५०-५१ आणि १९५२-५३. नायडूंच्या हाताखाली नऊ हंगामांत आठ फायनल आणि चार विजेतेपदं. शेवटचं जिंकलं तेव्हा नायडू ५७ वर्षांचे होते.

पण तोपर्यंत टीमच्या पायाखालची जमीन सरकली होती. १९४८ च्या मे महिन्यात इंदूर संस्थान मध्य भारत या नव्या राज्यात विलीन झालं. यशवंतराव राजे राहिले नाहीत, नव्या राज्याचे उपराजप्रमुख झाले. फौज गेली आणि फौजेतल्या नोकऱ्याही गेल्या. होळकर हे नाव रणजीत आणखी काही वर्षं टिकलं, ते जमलेल्या माणसांच्या जोरावर. १९५३-५४ आणि १९५४-५५ अशा पुढच्या दोन्ही फायनल होळकर हरले. त्यानंतर टीमचं नाव झालं मध्य भारत आणि राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश. राजाची टीम आता क्रिकेट संघटनेची झाली.

यशवंतरावांना दोष देण्यासारखं यात काही नाही. संस्थानंच गेली होती. पण राजाच्या पैशावर टीम उभी राहत असताना, राजा नसेल तेव्हा ती कशी चालेल याची सोय झालेली नव्हती. नवे खेळाडू गावोगावी शोधून तयार करणारी घडी बसायला पुढे कित्येक वर्षं गेली.

नायडूंनी तोवर इंदूरची टीम सोडली होती, खेळ नाही. १९५३-५४ मध्ये ते नव्या आंध्रकडून खेळले, १९५६-५७ मध्ये ६१ व्या वर्षी उत्तर प्रदेशकडून. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं, हा मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. प्रथम श्रेणीचा शेवटचा सामना १९६३-६४ च्या हंगामात, वयाच्या ६८ व्या वर्षी. एकूण २०७ सामने, ११,८२५ धावा, ४११ बळी. त्यांची कन्या चंद्रा नायडू या पुढे देशातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून ओळखल्या गेल्या. १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदुरातच नायडूंचं निधन झालं. यशवंतराव त्याआधी सहा वर्षं, १९६१ मध्ये गेले होते.

मागे राहिली ती हरण्याची वर्षं. १९५५ नंतर मध्य प्रदेशला नुसत्या फायनलसाठी १९९८-९९ पर्यंत थांबावं लागलं. बेंगळुरूच्या त्या फायनलला कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. पहिल्या डावात आघाडी घेऊनही टीम कर्नाटकविरुद्ध हरली.

जून २०२२ मध्ये पंडित कोच म्हणून त्याच चिन्नास्वामी मैदानावर परत आले. समोर ४१ वेळा रणजी जिंकलेली मुंबई होती. मध्य प्रदेशने सामना ६ विकेट्सने जिंकला. या टीमकडे राजा नव्हता. निवड, सराव आणि वयोगटांच्या स्पर्धा अशी घडी बसवून ती उभी राहिली होती. १९५३ मध्ये नायडूंच्या हाती आलेला रणजी करंडक इंदूरला परत यायला ६९ वर्षं लागली.