जलपर्णीचे बी आणि मालवणचे डॉ. आघारकर

तारकर्लीच्या पाठीमागून वाहणारी कर्ली नदी देवबागच्या टोकाला समुद्राला मिळते. तिथल्या खाऱ्या पाण्यात जलपर्णी तग धरत नाही. तिचा धोका आहे तो वरच्या अंगाच्या गोड्या पाण्याला, म्हणजे तुमचे तळे, बंधारा, शेततळे आणि वायंगणी भाताचे पाट यांना. तळे एकदा साफ केले तरी पुढच्या वर्षी जलपर्णी पुन्हा कुठून येते, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. या प्रश्नाच्या मुळाशी जाणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी एक जण मालवणचेच होते. त्यांचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर वेगळे, हे वनस्पतिशास्त्रज्ञ.

पाण्याकडे पाहण्याची सवय

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणला झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते एम.ए. झाले आणि तिथेच शिकवू लागले. त्या काळात सह्याद्रीत फिरताना सातारा जिल्ह्यातील नदीच्या गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडला. त्या गटातले गोड्या पाण्यातले जेलीफिश तोवर आफ्रिकेतच माहीत होते. त्यामुळे कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञांचे लक्ष या तरुणाकडे गेले. आपल्या नेहमीच्या नदीतच त्यांनी हा जीव पाहिला, हे ध्यानात घ्या.

पुढे कोलकाता विद्यापीठात त्यांना वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापकपद मिळाले. उच्च अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले आणि पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तिथे काही काळ स्थानबद्धतेत राहावे लागले. तरीही त्यांनी बर्लिन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. प्रबंधाचा विषय होता वायव्य भारतातील कोरड्या व क्षारयुक्त जमिनीतल्या वनस्पतींचा प्रसार कशाने होतो हा. बी कसे पसरते, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्यासोबत होता.

बंगालचे संकट

ते परतले तेव्हा बंगालचे जलमार्ग जलपर्णीने भरले होते. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती जांभळ्या फुलांच्या हौसेपोटी आणली गेली होती. नावा अडकू लागल्या, भातशेती गुदमरू लागली. १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली आणि १९३६ मध्ये जलपर्णी काढण्याचा कायदा झाला.

वरवर पाहिले तर जलपर्णी धावत्या खोडावरच्या नव्या रोपांनीच वाढते. आघारकरांनी मात्र तिच्या फुलाकडे लक्ष दिले. एका सहकाऱ्यासोबत त्यांनी जलपर्णीतील फलन व बीजधारणा यांवर १९३० मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. तुमच्या तळ्याशी या कामाचा थेट संबंध आहे. फुलोरा संपला की त्याचा दांडा पाण्याकडे वाकतो, बी गळून तळाच्या गाळात जाते आणि तिथे अनेक वर्षे जिवंत राहते. उन्हाळ्यात पाणी ओसरले, ओल्या गाळावर ऊन पडले की ते उगवते. म्हणून वरची झाडे काढल्याने काम निम्मेच होते.

१९४६ मध्ये निवृत्तीनंतर आघारकर पुण्याला आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेचे संस्थापक संचालक झाले. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ पासून ही संस्था आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. गहू-सोयाबीनच्या वाणांवर तुम्ही ‘एमएसीएस’ ही अक्षरे वाचता, ती याच संस्थेची.

आपण काय करावे

१. जलपर्णी फुलोऱ्यावर येण्याआधी काढा. फुले दिसल्यावर उशीर झालेला असतो.

२. काढलेली झाडे काठावर टाकू नका, पहिल्या पावसात ती पुन्हा पाण्यात जातात. पाण्यापासून दूर, उंचावर नेऊन वाळवा किंवा कंपोस्ट करा. फुलोरा आलेला माल ढिगाच्या मधोमध, जिथे चांगली उष्णता तयार होते, तिथे घाला.

३. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पडलेल्या गाळावर फेरी मारा आणि कोवळी रोपे उपटा. हे काम सलग काही वर्षे करावे लागते.

४. अशा तळ्याचा गाळ भाताच्या खाचरात किंवा दुसऱ्या तळ्यात नेऊ नका. भरड जमिनीवर टाका. जाळी, होडी आणि पंपाचा फूटव्हॉल्व्ह धुऊनच दुसरीकडे वापरा.

५. सरसकट सगळे हिरवे उपटू नका. काठचे पाणकणीस माती धरून ठेवते. पाण्याखालच्या वनस्पती दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात. कमळ-कुमुदाच्या देठांत माशांची पिल्ले आसरा घेतात. जलपर्णीचा दाट थर मात्र ऊन अडवतो, खालचा प्राणवायू घटवतो आणि मासे गुदमरतात.

६. शेतातले खत व गोठ्याचे पाणी तळ्यात उतरत असेल तर आधी ते थांबवा. जलपर्णी त्यावरच पोसते.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावाची सफाई मोहीम ठरवताना आधी फुलोऱ्याची वेळ पाहावी आणि मगच तारीख ठरवावी. मालवणच्या या अभ्यासकाचे काम आपल्या उपयोगी पडते ते इथेच.