थंडीत गॅस मंद का होतो? गोष्ट वॉल्टर स्नेलिंग यांची

डिसेंबरात कड्याला पहाटे चांगलाच गारठा असतो. गेल्या थंडीत चहा ठेवताना ज्योत एकदम बारीक झाली. आजीनं तिचा नेहमीचा उपाय केला: सिलिंडर उचलून गरम पाण्याच्या घमेल्यात. ज्योत वाढलीसुद्धा! असं का होतं, हे मी मोबाईलवर शोधायला लागलो आणि पोचलो थेट १९१० सालच्या पिट्सबर्गमध्ये, वॉल्टर स्नेलिंग यांच्याकडे.

उडून जाणारं पेट्रोल

स्नेलिंग यांचा जन्म १८८० चा. ते रसायनतज्ज्ञ, त्यातही स्फोटकांचे जाणकार, आणि अमेरिकेच्या सरकारी खाण विभागात कामाला होते. एका मोटारमालकाची तक्रार त्यांच्याकडे आली: विकत घेतलेलं पेट्रोल घरी जाईपर्यंत निम्मं उडून जातं. स्नेलिंग यांनी मोठी काचेची बाटली भरून ते पेट्रोल प्रयोगशाळेत न्यायला घेतलं. वाटेत बाटलीचं बूच पुन्हा पुन्हा उडायला लागलं. आतून काहीतरी जोरात बाहेर पडू पाहत होतं.

प्रयोगशाळेत त्यांनी पाणी तापवायच्या जुन्या बंबाची वेटोळी नळी आणि हाताशी आलेलं इतर सामान जोडून त्या पेट्रोलचे घटक वेगळे केले. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन सापडले. प्रोपेन तसा नवा नव्हता. फ्रान्सच्या मार्सेलिन बर्थेलो यांनी तो १८५७ मध्येच शोधला होता. पण वाया जाणारा हा वायू दाबाखाली द्रव करून टाकीत भरता येईल आणि घरोघरी नेता येईल, हे स्नेलिंग यांनी दाखवलं. १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका घरात तो जळायला लागला. १९१३ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. ते त्यांनी तेल व्यावसायिक फ्रँक फिलिप्स यांना ५०,००० डॉलरना विकलं आणि स्वतः पुन्हा स्फोटकांच्या कामाला लागले. १९६५ मध्ये ते वारले. भारतात हा गॅस १९५० च्या दशकात मुंबईत आला.

आता आपल्या सिलिंडरकडे

आपल्या घरगुती गॅसमध्ये मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन असतात. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो, तर ब्युटेन साधारण शून्याला. २० अंशांना प्रोपेनचा दाब हवेच्या दाबाच्या आठपट असतो, ब्युटेनचा जेमतेम दुप्पट. सिलिंडर वापरताना प्रोपेन आधी जास्त उडतो, ब्युटेन मागे राहतो. म्हणून थंडीत, त्यातही सिलिंडर संपत आला की, ज्योत मंद होते. शिवाय द्रवाचा वायू होताना तो सिलिंडरचीच उष्णता शोषतो, त्यामुळे सिलिंडर आणखी गार पडतो.

म्हणजे आजीचं निरीक्षण बरोबर होतं, उपाय मात्र धोक्याचा. उष्णतेनं आतला दाब झपाट्यानं वाढतो. द्रव तापला की फुगतो, म्हणून तर सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाहीत. स्नेलिंग यांचं नुसतं बूच उडालं होतं. आपल्याकडे १४.२ किलो गॅस आहे!

आणखी एक गोष्ट. एक लिटर द्रव प्रोपेनपासून सुमारे २७० लिटर वायू होतो आणि तो हवेच्या दीडपट जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत साचतो, त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावं लागतं. या वायूला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा.

तो वास आला तर शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा. दारं-खिडक्या उघडा. लाइटचं कुठलंही बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. मोबाईल बाहेर गेल्यावरच काढा आणि १९०६ या नंबरवर फोन करा.

आजीला मी हे सगळं समजावलं. घमेलं आता परसात आहे. यंदा थंडीत चहा जरा उशिरा मिळेल, चालेल.