जॉन केमेनी : बेसिक भाषेचे जनक

जॉन केमेनी यांचा जन्म ३१ मे १९२६ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हिटलरचे सावट वाढत चालले तसे हे कुटुंब देश सोडून १९४० मध्ये न्यूयॉर्कला स्थायिक झाले. मुलूख परका, भाषा परकी. तरीही शाळेत केमेनी पहिले आले. युद्धकाळात लॉस अलामोस येथील अणुबाँब प्रकल्पात त्यांनी आकडेमोडीचे काम केले. पुढे प्रिन्स्टन येथे ते खुद्द आइन्स्टाइन यांचे गणितातील सहायक झाले आणि १९४९ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

१९५३ मध्ये ते डार्टमथ कॉलेजात आले. कॉलेजजवळ तेव्हा संगणक नव्हता. त्यांचे सहकारी टॉमस कर्ट्झ भोके पाडलेली कार्डे पेटीत भरून आगगाडीने बोस्टनकडे, एमआयटी या संस्थेत जात. एका कार्डात चूक निघाली की दुरुस्तीसाठी पुढच्या खेपेची वाट पाहायची! फोरट्रान ही समर्थ भाषा तेव्हा होती, परंतु तिचे नियम शास्त्रज्ञांनाच पेलणारे. डार्टमथचे बहुसंख्य विद्यार्थी तर विज्ञानाबाहेरचे. वाचनालयात कोणीही जाऊन पुस्तक काढतो, तसा संगणक प्रत्येकाला वापरता यावा, असा केमेनी व कर्ट्झ यांचा आग्रह होता.

नुसती भाषा सोपी करून हे साधणार नव्हते. म्हणून त्यांनी दोन्ही कामे एकदम हाती घेतली. बेसिक भाषेत थोडेच, साधे इंग्रजी शब्द ठेवले. आणि एकच संगणक अनेक टंकयंत्रांना जोडून प्रत्येकाला आळीपाळीने क्षणभर वेळ मिळेल अशी यंत्रणा उभारली. या यंत्रणेच्या कामात कॉलेजचे विद्यार्थीही होते. १ मे १९६४ च्या पहाटे चारच्या सुमारास बेसिकमधील पहिले कार्यक्रम चालले. आता 'रन' एवढा शब्द टंकला की काही सेकंदांत उत्तर, नाही तर चूक कोणत्या ओळीत आहे ते समोर येई. शिक्षक बंधू-भगिनींना याचे महत्त्व सांगायला नको. आठ दिवसांनी तपासून मिळालेल्या वहीतली चूक मुले पाहतही नाहीत. तिथल्या तिथे दाखवली तर लगेच खोडून पुन्हा लिहितात.

केमेनी व कर्ट्झ यांनी ही भाषा सर्वांना मोकळी ठेवली. १९७५ नंतर छोटे संगणक निघाले, तेव्हा कंपन्यांनी बेसिक त्यांच्या आतच बसवून दिली. यंत्र सुरू करताच भाषा हजर! १९८४ मध्ये भारतातील शाळांसाठी सुरू झालेल्या 'क्लास' योजनेतील बीबीसी संगणकांतही तीच होती.

विद्वानांनी मात्र या भाषेने विचारांना बेशिस्त लागते अशी टीका केली. छोट्या यंत्रांसाठी झालेली काटछाट पाहून खुद्द केमेनीही नाराज होते. १९८० च्या दशकात त्यांनी व कर्ट्झ यांनी 'ट्रू बेसिक' ही सुधारलेली, शिस्तबद्ध भाषा काढली. ती सरस होती, पण वेगळी विकत घ्यावी लागे. ज्यांच्या यंत्रात आधीच एक बेसिक फुकट होती, ते दुसरीसाठी पैसे कशाला मोजतील? मूळ बेसिकइतका प्रसार तिला कधीच मिळाला नाही.

१९७० ते १९८१ केमेनी डार्टमथचे अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ मध्ये, तेथे मुलींना नियमित प्रवेश मिळू लागला. अध्यक्षपदी असतानाही त्यांनी वर्गावर शिकवणे सोडले नाही. २६ डिसेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.