विश्लेषण : महागड्या यंत्रांशिवाय अँटेनाची ताकद कशी मोजतात? हाइनरिश हर्ट्झ यांच्या प्रयोगांतून काय शिकता येते?

मोबाइलच्या किंवा वायफाय राउटरच्या माहितीत २.४ गिगाहर्ट्झ, ५ गिगाहर्ट्झ असे आकडे असतात. त्यातील ‘हर्ट्झ’ हे एका जर्मन प्राध्यापकाचे आडनाव आहे. हाइनरिश हर्ट्झ यांना जेमतेम ३६ वर्षांचे आयुष्य लाभले. रेडिओ लहरी मोजणारे कोणतेही उपकरण अस्तित्वात नसताना त्यांनी तांब्याची तार आणि जस्ताचे पत्रे वापरून त्या मोजल्या. आज घरच्या घरी अँटेनाचा ‘गेन’ मोजणाऱ्या हौशी रेडिओचालकांना, म्हणजे ‘हॅम’ मंडळींना, ज्या अडचणी येतात, त्या हर्ट्झ यांनाही आल्या होत्या. त्यातील एका अडचणीने त्यांना चकवलेही.

हर्ट्झ कोण होते?

जन्म २२ फेब्रुवारी १८५७, हॅम्बर्ग. वडील वकील होते. शाळेत असतानाच हर्ट्झ लाकूडकाम आणि लेथवरचे काम शिकले. हाताचे हे कौशल्य त्यांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडले. इंजिनीअरिंगचे शिक्षण सोडून ते भौतिकशास्त्राकडे वळले आणि १८८० मध्ये बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली डॉक्टरेट झाले. विद्युतचुंबकीय लहरी असल्या पाहिजेत, असे ब्रिटिश शास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी गणिताने मांडले होते. प्रत्यक्ष पुरावा मात्र नव्हता. १८८५ मध्ये हर्ट्झ कार्ल्सरुह येथे प्राध्यापक झाले आणि पुढच्या वर्षी त्यांचे हे प्रयोग सुरू झाले.

मोजण्याचे साधन काय होते?

लहरी निर्माण करण्यासाठी त्यांनी दोन सरळ वाहक समोरासमोर ठेवून मध्ये लहानशी फट सोडली. इंडक्शन कॉइलने त्या फटीत ठिणगी पाडली की वाहकातून लहरी निघत. हाच पहिला डायपोल अँटेना. लहरी ओळखण्यासाठी वाकवलेल्या तारेचे एक कडे होते. त्याच्या दोन टोकांतील फट स्क्रूने कमी-जास्त करता येई. लहर पोहोचली की त्या फटीत बारीक ठिणगी दिसे. फट जितकी रुंद करूनही ठिणगी पडेल, तितका सिग्नल जोरदार. हाच त्यांचा मीटर.

ठिणगी मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असे, म्हणून अंधारात बघावे लागे. नीट दिसावी म्हणून त्यांनी कड्याची फट काळोख्या पेटीत ठेवली, तर ठिणगी आणखी आखूड झाली. मुख्य प्रयोग बाजूला ठेवून त्यांनी याचे कारण शोधले. मोठ्या ठिणगीतून येणारा अतिनील प्रकाश पेटीने अडत होता आणि तोच प्रकाश लहान ठिणगीला मदत करत होता. १८८७ मध्ये सापडलेला हा प्रकाशविद्युत परिणाम पुढे आइन्स्टाइन यांनी उलगडला.

अँटेनाचा ‘गेन’ म्हणजे काय?

अँटेना स्वतःची वीज निर्माण करत नाही. मिळालेली ऊर्जा ती एका दिशेला जास्त आणि इतर दिशांना कमी पाठवते. टॉर्चमधील बल्बमागे आरसा लावल्यावर समोर झोत पडतो, तसेच हे. नुसत्या बल्बच्या तुलनेत समोरचा उजेड किती पट वाढला, हा झाला गेन. तो डेसिबलमध्ये सांगतात. ३ डेसिबल म्हणजे सुमारे दुप्पट, १० डेसिबल म्हणजे दहापट.

तुलना कशाशी केली, हे सांगितल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. हॅम मंडळी बहुधा डायपोलशी तुलना करतात. सर्व दिशांना सारखीच ऊर्जा पाठवणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी तुलना केली, तर तोच गेन २.१५ डेसिबलने मोठा दिसतो. अँटेना विकत घेताना हे पाहायला हवे.

आरशाने काय साधले?

डिसेंबर १८८८ मध्ये हर्ट्झ यांनी सुमारे ६६ सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरल्या आणि जस्ताचा दोन मीटर उंच पत्रा पन्हळीसारखा, पॅराबोलाच्या आकारात वाकवून त्याच्या केंद्ररेषेवर डायपोल बसवला. आरशाविना ठिणगी दीड-दोन मीटरपर्यंतच दिसत होती. दोन्ही बाजूंना आरसे लावल्यावर ती १६ मीटरवर दिसू लागली. डांबरासारख्या पदार्थाचा अर्ध्या टनाहून जड लोलक वापरून त्यांनी लहरी वाकवूनही दाखवल्या. या लहरी प्रकाशाच्याच कुळातल्या आहेत, हे त्यातून सिद्ध झाले. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनाही पॅराबोलाच्याच तत्त्वावर चालतात.

मोजमाप कुठे फसले?

हर्ट्झ यांचे दालन १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच होते. त्यात लोखंडी खांबांच्या दोन रांगा होत्या. त्यांनी लोंबते गॅसचे नळ आणि झुंबरे काढायला लावली. एका भिंतीवर चार मीटर गुणिले दोन मीटरचा जस्ताचा पत्रा ठोकला. येणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळली की काही जागी सिग्नल वाढतो, काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. कडे पुढे-मागे सरकवून त्यांनी या जागा शोधल्या आणि तरंगलांबी काढली.

मात्र तारेतून जाणारी लहर हवेतील लहरीपेक्षा सावकाश जाते, असे त्यांच्या मोजणीत आले. मॅक्सवेल यांच्या सिद्धांताशी हे जुळत नव्हते. एवढ्या लांब लहरींसाठी दालन अपुरे होते आणि भिंती, खांब यांवरून नको असलेली परावर्तने येत होती. १८९३ मध्ये जिनिव्हाच्या साराझँ आणि द ला रीव्ह यांनी बऱ्याच मोठ्या दालनात प्रयोग केला, तेव्हा दोन्ही वेग सारखेच निघाले. हर्ट्झ यांच्या वारंवारतेच्या गणितातील चूकही फ्रेंच गणिती प्वाँकारे यांनी दाखवली होती. १८९२ मध्ये आपले लेख ग्रंथरूपात काढताना हर्ट्झ यांनी ते दडवले नाही. दोष आणि शंका स्वतःच मांडल्या.

आज स्वस्तात मोजणी कशी होते?

कमी शक्तीचा एक सिग्नल स्रोत, डायोडचा साधा डिटेक्टर किंवा संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, आणि सिग्नल ठरावीक मापाने कमी करणारी अ‍ॅटेन्युएटरची डबी एवढे साहित्य पुरते. आधी डायपोल लावून मीटरवरील आकडा नोंदवतात. मग त्याच जागी, त्याच उंचीवर नवी अँटेना लावतात. आकडा वाढतो. अ‍ॅटेन्युएटरने तो पुन्हा आधीच्या खुणेवर आणतात. त्यासाठी जितके डेसिबल कमी करावे लागले, तितका नव्या अँटेनाचा डायपोलपेक्षा जास्त गेन. दोन्ही वेळी एकाच खुणेशी तुलना होत असल्याने मीटर अचूक नसला तरी चालते. त्यासाठी दोन्ही अँटेना केबलशी नीट जुळलेल्या हव्यात.

खरा धोका परावर्तनाचा. जमीन, पत्र्याचे छप्पर, पाण्याची टाकी यांवरून परतलेली लहर मीटरवरचा आकडा काही डेसिबलने वर-खाली करू शकते. म्हणून मोकळी जागा निवडतात, दोन अँटेनांत पुरेसे अंतर ठेवतात आणि अँटेना थोडी वर-खाली, पुढे-मागे करून पाहतात. आकडा फार हलला, तर ती मोजणी बाद. हर्ट्झ यांनी कडे सरकवून जे शोधले, तेच इथे टाळायचे असते. अशा प्रक्षेपणासाठी भारतात हौशी रेडिओचा परवाना लागतो.

हर्ट्झ यांचे पुढे काय झाले?

१८८९ मध्ये ते बॉन विद्यापीठात गेले. १८९२ पासून तब्येत ढासळली, शस्त्रक्रिया झाल्या, पण १ जानेवारी १८९४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी तरुण मार्कोनी यांनी त्यांच्या प्रयोगांविषयी वाचले आणि त्यातून बिनतारी संदेशवहनाचा मार्ग निघाला. कुटुंबाचे मूळ ज्यू असल्याने नाझी काळात त्यांच्या पत्नी आणि दोन मुलींना इंग्लंड गाठावे लागले. ‘हर्ट्झ’ हे वारंवारतेचे एकक त्याआधीच, १९३० मध्ये, आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले होते. ते आजही कायम आहे.